दिवाळी अंकाचा नाताळ

आमच्या साहित्य मंडळाचा दिवाळी अंक दिवाळीत निघाला, अशी नोंद मंडळाच्या दप्तरात सापडत नाही. तुळशीच्या लग्नाला निघाला तर संपादकांचा सत्कार होतो. दत्तजयंतीला निघाला तर कुणी काही बोलत नाही. संक्रांत ओलांडली की सरचिटणीस त्याला हळूच 'वार्षिकांक' म्हणायला लागतात. २०२४ चा अंक मात्र बरोब्बर २५ डिसेंबरला निघाला. तोही शेतात, हुरड्याच्या आगटीशेजारी, सांताक्लॉजच्या हस्ते. इतिवृत्तात या सगळ्याचं वर्णन 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' एवढंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या वर्षी उशिराला सबळ कारण होतं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, दिवाळी तिच्या पोटातच आली आणि मतदान पडलं २० नोव्हेंबरला. दिवाळी अंक साहित्यावर चालतो असा समज पुण्या-मुंबईकडं असेल. आमच्याकडं तो मलपृष्ठावर चालतो. मलपृष्ठाची जाहिरात ज्यांनी कबूल केली होती त्यांना तिकीट मिळतंय का, मिळालं तर कुठल्या पक्षाचं, आणि मग शुभेच्छांच्या फोटोत वरच्या ओळीत कुणाला बसवायचं नि कुणाला उठवायचं, हे ठरेपर्यंत आमचा कविता विभाग छापून, सुकून, गठ्ठे बांधून तयार होता. पुढं छापखानाच अडला. त्याच्याकडं प्रचाराची पत्रकं आली. पत्रकांचे पैसे रोख आणि आमचे पैसे 'बघू की'. तेवीस तारखेला निकाल लागला आणि मलपृष्ठ पडलं. शेवटी लातूरच्या एका शिकवणीवाल्यांनी जाहिरात दिली. त्यामुळं अंक समोरून दीपावलीचा झाला, पणती धरलेली बाई वगैरे, आणि मागून 'नीट'चा, गुणांसकट चोवीस पोरांचे फोटो.

आमचे संपादक निवृत्त प्राध्यापक आहेत. खजील होणं त्यांना जमत नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी उशिराला चक्क वंशावळ जोडली. "दिवाळी अंक ही कल्पनाच मुळी नाताळाची आहे," ते म्हणाले. "काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी मासिकांचे ख्रिसमस नंबर बघून. मराठी माणूस शंभरावर वर्षं ही उसनवारी वापरतोय. आपण ती पहिल्यांदा मूळ तारखेला परत करतोय."

बैठक गार झाली. लातूरच्या एका कथाकारानं तरी नेट धरून विचारलं, "पण सर, डिकन्सनं 'ख्रिसमस कॅरल' दीडेक महिन्यात लिहून १९ डिसेंबर १८४३ ला बाजारात आणलं. नाताळाच्या सहा दिवस आधी."

"डिकन्सला मलपृष्ठ मिळवायचं नव्हतं," संपादक म्हणाले. विषय तिथंच संपला.

मग एका तरुण कवीनं, पुण्यात स्पर्धा परीक्षेची काही वर्षं काढून तो परत आलेला आहे, सुचवलं की रीतसर ख्रिसमस पार्टीच करू. 'पार्टी' म्हटल्यावर दोन ज्येष्ठांनी 'कुठली?' असं विचारलं. निवडणूक नुकतीच झाली होती, त्यांचाही दोष नाही.

मंडळ नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचं मिळून आहे. ज्यांनी हे ठरवलं ते मराठवाड्यातले नसावेत. नवं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादाला २००९ साली तोंड फुटलं ते अजून मिटलेलं नाही, आणि आमच्यात तर चहा कुठं प्यायचा यावरही हाच वाद होतो. बैठक लातूरला असली की नांदेडकरांच्या घरी पाहुणे येतात. नांदेडला असली की लातूरकरांच्या गाड्या पंक्चर होतात. नांदेडचा माणूस तिसऱ्या वाक्याला नरहर कुरुंदकरांवर येतो. पीपल्स कॉलेजात ते प्राचार्य होते, आणि त्यांना ऐकलेल्या माणसाला नंतर कुणाचंच भाषण फारसं पटत नाही, हे मान्यच आहे. लातूरचा माणूस त्यावर उदगीर काढतो: २०२२ च्या एप्रिलात, भर उन्हात, पंच्याण्णवावं अखिल भारतीय संमेलन आमच्या जिल्ह्यानं करून दाखवलं, तुम्ही काय केलं? यावर नांदेडकर म्हणतात, आम्ही विचार केला.

तेव्हा तोडगा म्हणजे अहमदपूर. लोहा ओलांडून नांदेडकर येतात, चाकूर ओलांडून लातूरकर येतात, दोघांची सारखीच गैरसोय होते आणि एकमत होतं. अहमदपूर लातूर जिल्ह्यात येतं ही हरकत नांदेडकरांनी इतिवृत्तात तेवढी नोंदवून घेतली. जवळच्या एका गावात आमच्या एका सभासदाचं शेत आहे. ते झेडपीचे गुरुजी, ग्रामीण कथा लिहितात. शेताचा कारभार त्यांच्या आईकडं आहे आणि आईनं त्यांची एकही कथा वाचलेली नाही, त्यामुळं घरात शांतता आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, ज्वारी दाण्यात चिकावर आलेली. हुरड्याशिवाय दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

आमच्याकडं पार्टी होत नाही, कार्यक्रम होतो. दहा माणसं भजी खायला जमली तरी आधी प्रास्ताविक होतं. आणि २५ डिसेंबरला एकट्या नाताळाचा कार्यक्रम करणं त्याहून अवघड. आदल्या दिवशी साने गुरुजींची जयंती असते, ती मंडळाच्या लक्षात दुसऱ्या दिवशी येते. १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, तो दिन नांदेडचे कार्यकर्ते सोडणार नाहीत आणि सोडूही नये. अटलबिहारी वाजपेयींची जयंतीही त्याच दिवशी. ते कवी होते, मग मुद्दा वाङ्मयीन ठरतो. फ्लेक्सवर हे सगळं ज्येष्ठतेनुसार आलं. त्याखाली 'दिवाळी अंक प्रकाशन सोहळा', त्याखाली 'व', त्याखाली 'हुरडा'. 'नाताळ' शब्द आयोजकांच्या फोटोंच्या पट्टीत अर्धा दाबला गेला होता.

मंडळात ख्रिस्ती सभासद एकच आहेत, उदगीरच्या एक शिक्षिका. फार चांगल्या कविता लिहितात. तारीख ठरवताना त्या सोडून सगळ्यांना विचारलं होतं. त्यांचा निरोप आला: सकाळी चर्चमध्ये उपासना आहे, घरी पाहुणे आहेत, तीनपर्यंत येते. म्हणजे ज्यांचा सण, त्या सोडून बाकी सगळे सकाळी अकराला नाताळ साजरा करायला हजर. अकरा म्हणजे एक.

सांता झाले होते एक निवृत्त बँक अधिकारी. उंची आणि पोट ही त्यांची निवडीची पात्रता. स्नेहसंमेलनांना कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानात नाताळामुळं मोठ्या मापाचा झगा उरला नव्हता. दुकानदारानं मावळ्याचा अंगरखा, लाल टोपी आणि कापसाची दाढी अशी जुळणी करून दिली. बांधावरून ते येताना दिसले तेव्हा गुरुजींच्या आईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आत गेली आणि सुपात पायलीभर ज्वारी घेऊन आली. "वासुदेवा, सकाळच्या पारी यायचं असतं बाबा," ती म्हणाली, "पर आलाव तर घ्या." आमच्या सांतानं जन्मभर कर्जाचे हप्ते घेतलेले, दान घ्यायची सवय नव्हती. त्यांनी नको-नको केलं. आजी ऐकेना. शेवटी भेटवस्तूंच्या पिशवीत ज्वारी ओतून घ्यावी लागली.

दीपप्रज्वलनाची समई शेतात टिकेना. वारा चांगला होता, काड्यांची पेटी संपली. तेव्हा सूत्रसंचालकानं प्रसंगावधान राखून 'मान्यवरांच्या हस्ते आगटीप्रज्वलन' पुकारलं. पाच मान्यवर खड्ड्याभोवती उकिडवे बसले, एकच मेणबत्ती पाचांनी मिळून धरली आणि गोवऱ्यांना लावली. फोटोसाठी हे दोनदा करावं लागलं. आगटीवरचे मामा पहिल्यापासून गप्प होते. एवढंच म्हणाले, "सायब, दाढी सांबाळा."

इथं हुरड्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढची अडचण कळेल. गोवऱ्यांचा निखारा पडला की त्या धगीच्या राखेत कणसं खुपसायची. किती वेळ, हे घड्याळावर नसतं. मामा कणीस काढून नाकाशी नेतात, मग ठरवतात. बाहेर काढलं की लगेच, हाताला चटके बसत असतानाच, तळव्यात चोळायचं. सूप एकदा हलवून फुंकर मारली की कोंडा उडतो आणि खाली हिरवा, ओलसर, गोडूस दाणा उरतो. तो तसाच तोंडात गेला पाहिजे, बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही, जे असेल ते. पाच मिनिटं गेली की तो चामट होतो. दहा मिनिटांनी त्याची दया येते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी वसंत' नावाचं खास हुरड्याचं वाण काढलं आहे, चवीला उत्तमच. पण भाषण संपेपर्यंत मऊ राहील असं वाण त्यांनाही अजून साधलेलं नाही.

आणि भाषण सुरू होतं. प्रमुख वक्त्यांना विषय दिला होता 'नाताळ आणि मराठी साहित्य'. त्यांनी सुरुवात केली १६१६ पासून. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुईट गोव्यात येतो, मराठी शिकतो आणि ओवीत ख्रिस्तपुराण रचतो. विषय खरोखरच भारी आहे आणि वक्तेही व्यासंगी. पण पहिली कणसं निघाली तेव्हा ते १६१६ मध्येच होते. दुसरा घाणा निघाला तेव्हा १८५७ उजाडलं होतं, बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं होतं, आणि मागच्या रांगेतले तीन कादंबरीकार पाण्याला म्हणून उठून आगटीकडं गेले ते परत आले नाहीत. मामा सूप घेऊन मंचाच्या टोकाशी उभे. सूत्रसंचालक त्यांना हातानं थांबा म्हणायचा, ते सूप मागं न्यायचे, गार झालेला हुरडा गुरांपुढं टाकायचे आणि नवी कणसं खुपसायचे. नारायण वामन टिळकांपर्यंत येताना दोन म्हशींचं पोट भरलं.

"१९१९ मध्ये टिळक गेले. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं," वक्ते म्हणाले, "आणि ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं." इथं त्यांचा आवाज भरून आला आणि खरं सांगायचं तर आमचाही आला. ज्या बाईला नवऱ्यानं जेमतेम अक्षरओळख करून दिली, तिनं त्याचं महाकाव्य पुरं करावं, 'स्मृतिचित्रे' लिहावं आणि नव्वदेक वर्षांनी आम्ही ते वाचताना अजून हसता-हसता रडावं, ही गोष्ट हुरड्यापेक्षा मोठी आहे. पण वक्त्यांना धाराशिवपर्यंत यायचं होतं. जानेवारी २०२० चं साहित्य संमेलन, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, हा त्यांचा शेवट. त्याला अजून नव्वद-शंभर वर्षं होती. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली. वक्त्यांनी ती वाचून दाखवली, "वेळेचं भान ठेवून" म्हणाले आणि ज्ञानोदयाच्या फायलींकडं वळले.

शेवटी मामांनीच भाषण थांबवलं. ते सरळ मंचावर गेले आणि वक्त्यांच्या ओंजळीत ऊन-ऊन हुरडा ओतला. माणसानं दोन्ही हातांत गरम हुरडा धरलेला असताना त्याला बोलता येत नाही. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि दिब्रिटोंना अभिवादन करून खाली बसले.

नंतर अंकाचं प्रकाशन. मुखपृष्ठावर 'दिवाळी'च्या खाली 'नाताळ व नववर्ष विशेषांक' अशी चिकटपट्टी लावून तारखेची अब्रू राखली होती. अंक हातात आल्यावर प्रत्येक जण आधी स्वतःचं पान काढतो. ते बघून झालं की छपाईच्या चुका काढतो. पण त्या दिवशी सगळे राशिभविष्यावर तुटून पडले. भविष्य दिवाळीपासून वर्षभराचं होतं आणि त्यातले नोव्हेंबर-डिसेंबर होऊन गेले होते! तपासायला पुरावा उपलब्ध असलेलं भविष्य कुणाला कधी वाचायला मिळतं? ज्योतिषी आमचेच सभासद, समोरच गूळ-शेंगदाणे खात बसलेले.

"सर, वृश्चिकेला नोव्हेंबरात सरकारदरबारी मानसन्मान लिहिलाय. माझा भाऊ उभा होता. डिपॉझिट गेलं."

"जन्मवेळ कोणती सांगितली होती?"

"कन्येला प्रवासयोग. मी घराबाहेर पडलो नाही."

"आज आलात की अहमदपूरला," ज्योतिषी म्हणाले. यावर टाळ्या पडल्या. दोन महिने उशिरा छापून खरी ठरलेली ती एकमेव ओळ होती.

त्या तरुण कवीनं सीक्रेट सांताही ठेवला होता. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की आइसलंडमध्ये नाताळाच्या आदल्या रात्री लोक एकमेकांना पुस्तकं देतात आणि रात्रभर वाचत बसतात. "देतात हे ठीक," एक ज्येष्ठ कवी म्हणाले, "पण वाचतात?" त्यांना तो देश बघायची फार इच्छा झाली.

साहित्यिकांत पुस्तक भेट द्या म्हटल्यावर काय होणार ते मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणी बोललं नाही. सांतानं पिशवीत हात घालून, ज्वारी झटकत, एकेक पुडकं काढलं. सगळ्यांनी आपापलाच कवितासंग्रह आणला होता. गुपित टिकायचा प्रश्न नव्हता. मागच्या पानावर देणाऱ्याचा फोटो, परिचय, पुरस्कार आणि मोबाइल नंबर. एकानं दूरदृष्टीनं पाच प्रती आणल्या होत्या, पाचही वाटून टाकल्या. अपवाद दोनच. त्या तरुण कवीचा अजून संग्रह निघालेला नाही, त्यामुळं त्याला मफलर आणावा लागला. आणि गुरुजींनी, यजमान म्हणून घाईत, सीताफळाच्या रोपाची पिशवी दिली. मफलर निघाला तेव्हा सभेत जी आशा पसरली ती साहित्य अकादमीच्या पुरस्काराला पसरत नाही. तो ज्यांना मिळाला त्यांना संध्याकाळपर्यंत तीन जणांनी अदलाबदलीबद्दल विचारलं. एकानं वर दिवाळी अंकही देऊ केला. अंक त्यांच्याकडं आधीच होता.

साडेतीनला उदगीरच्या बाई आल्या, नवऱ्याच्या स्कूटरवरून, मांडीवर दोन मोठे डबे. सगळ्यांनी केक समजून जागा केली. डब्यांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि चिवडा होता. "आमच्यात नाताळाला हेच करतात," त्या म्हणाल्या. "केक काय, विकत मिळतो." सांतानं दाढी काढून बाजूला ठेवली. एवढ्यासाठीच ती काढली. संपादक चकली हातात घेऊन उभे राहिले. दिवाळी अंक हातात, दिवाळीचा फराळ समोर, तारीख २५ डिसेंबर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अंक वेळेवर निघाल्यासारखा दिसत होता आणि त्याचा फोटो काढा असं ते सगळ्यांना सांगत होते.

बाईंची कविता अंकात पान साठवर होती. त्यांनी ती शोधली, वाचली, शांतपणे पेन काढलं आणि दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. आजी मात्र त्यांच्याशेजारी बसली होती ती करंजीसाठी. "सारणात खसखस घातली व्हय गं?" "घातली, आणि सुंठ." "साटा तुपाचा?" हा विभाग अंकातल्या परिसंवादापेक्षा सरस झाला, असं त्याच अंकात परिसंवाद लिहिणाऱ्या गृहस्थांनीच मला सांगितलं.

मग आजीनं अंक हातात घेतला, उलटसुलट केला, पणतीवाली बाई बघितली. "दिवाळीचा हाय? आन् आता?" संपादकांनी आचारसंहितेपासून सुरुवात केली. आजीनं निम्मं ऐकलं. "म्हंजी हुरड्यात काढायचा ते निब्बर झाल्यावर काढलाव," ती म्हणाली आणि अंक परत दिला. संपादकांनी काशीनाथ मित्रांना मध्ये आणायचा प्रयत्न केला, पण ते आजीच्या ओळखीचे नव्हते.

आभारप्रदर्शनाला सरचिटणीस उभे राहिले तेव्हा शिल्लक अंकांचे चार गठ्ठे तसेच होते. ते परत कोण नेणार यावर नांदेड-लातूर पेटायच्या बेतात असताना आजीनंच मार्ग काढला. "हितंच राहू द्या. सोमवारी येळवस हाय."

३० डिसेंबरला वेळ अमावास्या होती. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात घरात कुणी सापडत नाही. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, शहराचे रस्ते ओस पडतात आणि झाडून सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप करायची, त्यात पांडव मांडून पुजायचे आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावून नेतात. आजीच्या शेतात शंभरावर माणूस येणार होतं. "पत्रावळ्या हायेत," ती म्हणाली, "पर जाताना उंडे-पोळ्या बांधून द्यायला कागद लागतोय."

संपादक क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी गठ्ठा सोडून कागद बोटांनी चाचपून पाहिला, आणि पोळी कविता विभागाकडून ठेवावी, 'नीट'ची पोरं बाहेरून दिसावीत, जाहिरातदाराचं समाधान झालं पाहिजे, अशी सूचना मामांना केली. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात अंकाची पहिली आवृत्ती आठवड्याच्या आत संपल्याबद्दल त्यांच्या अभिनंदनाचा ठराव आहे. सूचक लातूरचे, अनुमोदक नांदेडचे.